घरातच ऊन लागते तेव्हा

मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले असतील. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतल्या एका घरून फोन आला, "सिस्टर, माय कशीबशी करून रायली. काय बोलते ते समजतच नाई." आम्ही गेलो. सत्तरीतली आजी. अंग तव्यासारखे तापलेले, कातडी कोरडी, नजर भिरभिरती. पोटच्या मुलालाही ओळखेना. थर्मामीटर लावला तर पारा १०४ च्या पुढे. आम्ही विचारले, "दुपारी कुठे उन्हात गेल्या होत्या का?" सून म्हणाली, "कुठीच नाई बाई. चार दिवसांपासून उंबऱ्याबाहेर पाय नाई टाकला. घरातच होती."

आम्ही आजींना ओट्यावर आणले. लुगडे सैल केले, ओल्या चादरीत गुंडाळून दोन्ही बाजूंनी वारा घातला, मान आणि काखेत थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. तोवर मुलाने ऑटो आणला. दवाखान्यात तीन रात्री काढून आजी घरी आल्या. घरी आल्या आल्या त्यांनी एकच गोष्ट मागितली, "मले मागच्या मातीच्या खोलीत टाका. या भट्टीत झोप नाई ये."

भट्टी म्हणजे कोणती? सरकारी योजनेतून मिळालेले, स्लॅबचे, नवे घरकुल. ज्यासाठी आजींच्या मुलाने पाच वर्षे कागद गोळा केले ते घर.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केला तेव्हा उष्माघाताचा धडा होता. त्यात शेतात राबणारा मजूर होता, रस्त्यावर डांबर टाकणारी बाई होती, मैदानावर पळणारा शिपाई होता. चार दिवस घरात बसून असलेली म्हातारी नव्हती. पुढे वॉर्डात रात्रपाळ्या करताना आणि आता वस्त्यांमधून फिरताना तीच माणसे पुन्हा पुन्हा दिसली. अंथरुणाला खिळलेले बाबा, पहिलटकरीण, तान्हे बाळ, लकव्याचा पेशंट. सगळे "घरातच होते". म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही औषधांवर लिहीत नाही, घरावर लिहितो आहोत. कोणते घर किती वीज खाते, किती उष्णता गिळते आणि रात्री ती कोणाच्या अंगावर ओकते, हा आपल्या आरोग्याचा प्रश्न आहे.

एका अंगणात तीन घरे

आजींचे अंगण पाहण्यासारखे आहे, कारण वऱ्हाडातली तीन प्रकारची घरे तिथे एकाच ठिकाणी आहेत. समोर स्लॅबचे घरकुल. बाजूला थोरल्या नातवाच्या संसारासाठी काढलेली टिनाची खोली. मागे सासऱ्यांच्या काळातली मातीची खोली. तिच्या भिंती दीड हात जाड, वर कवेलू, कवेलूंच्या खाली लाकडाचा माळा आणि माळ्यावर मातीचा थर. आता तिथे सरपण आणि तुराट्या ठेवतात.

त्या आठवड्यात आम्ही मुद्दाम तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या वेळी बसून पाहिले. दुपारी दोन वाजता टिनाच्या खोलीत पाच मिनिटे थांबवत नव्हते. स्लॅबची खोली त्या मानाने बरी होती. मातीच्या खोलीत मात्र निवांत बसता येत होते. रात्री दहा वाजता चित्र बदलले. टिनाची खोली बऱ्यापैकी निवली होती. स्लॅबच्या खोलीत भिंतीला हात लावला तर भिंत गरम, आणि छताकडे तोंड केले तर कपाळावर आच लागत होती. बाहेर वारा गार होत चाललेला आणि आत भट्टी पेटलेली. मातीच्या खोलीत दुपार आणि रात्र यांत फारसा फरक नव्हता.

यात जादू नाही, साधे विज्ञान आहे. उन्हाळ्यात भर दुपारी सपाट छपराच्या दर चौरस मीटरवर सूर्य जवळपास एक किलोवॅट उष्णता ओततो. घरकुलाचे क्षेत्रफळ असते २६९ चौरस फूट, म्हणजे २५ चौरस मीटर. एक-एक किलोवॅटच्या पंचवीस शेगड्या छपरावर पेटवून ठेवाव्यात, एवढी ही उष्णता. सगळीच आत येत नाही. काही परत फेकली जाते, काही वारा घेऊन जातो. पण किती आत येईल आणि केव्हा येईल, हे छप्पर ठरवते. एकमजली लहान घरात भिंतींपेक्षा छपराचाच त्रास मोठा असतो.

टिन पातळ असते. ते लगेच तापते, लगेच निवते. म्हणून टिनाच्या घराची वैरीण दुपार. चार-पाच इंची स्लॅब उष्णता पोटात साठवतो आणि तीन-चार तासांनी खाली सोडायला लागतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत निवत नाही. म्हणून स्लॅबच्या घराची वैरीण रात्र. जाड मातीच्या भिंतीतून उष्णता पार व्हायला आठ-दहा तास लागतात, तोवर बाहेर गारवा आलेला असतो. कवेलूंच्या फटींतून वर चढलेली गरम हवा निघून जाते. अकोला-बुलडाण्याकडच्या धाब्याच्या घरांवर मातीचा जो जाड थर असतो, त्याचेही काम हेच.

बाकीच्या घरांचेही असेच गणित आहे. नव्या लेआउटमधले सुटे बंगले चारही बाजूंनी तापतात. चाळीतल्या किंवा एकाला एक लागून असलेल्या घरांच्या दोन भिंती शेजाऱ्यांच्या सावलीत असतात, म्हणून भिंती कमी तापतात, पण मागे खिडकी नसेल तर आतली हवा कोंडते. फ्लॅटमध्ये मधल्या मजल्यावरचा सुखी, वरच्या मजल्यावरचा दुःखी, कारण साऱ्या इमारतीचे छप्पर त्याच्याच डोक्यावर. जुन्या वळणाच्या घरांत छत उंच, पुढे व्हरांडा, छताजवळ झरोके दिसतात. त्या बांधणाऱ्यांना ऊन समजत होते.

रात्र का महत्त्वाची

माणसाचे शरीर दिवसभराची उष्णता रात्री बाहेर टाकते. घाम येतो, कातडीतून उष्णता जाते, हृदयाचे ठोके खाली येतात. रात्रीही खोली गरम राहिली तर हृदयाला विसावा नाही. पहिल्या रात्री झोप लागत नाही, दुसऱ्या रात्री भूक मरते, तिसऱ्या दिवशी लघवी कमी आणि पिवळी होते, चौथ्या दिवशी माणूस बरळायला लागतो. आजींचे हेच झाले. त्यांना रक्तदाबाची गोळी होती, लघवी जास्त होणारी. अशा गोळ्या, मानसिक आजाराच्या काही गोळ्या, मधुमेह, किडनीचे दुखणे असलेल्यांना उष्णता लवकर बाधते. गोळी मनाने बंद करू नये. उन्हाळा लागताच डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्यावी.

आपल्या विदर्भात, आपल्या समाजात, सिकलसेल आहे. सिकलसेलच्या मुलाच्या अंगातले पाणी कमी झाले की रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकून नसांत अडकतात आणि हाडे फोडणाऱ्या वेदना सुरू होतात. अशा मुलाला आपण सांगतो, "उन्हात जाऊ नको." पण रात्री तो झोपतो कुठे, हे विचारत नाही. बाळंतिणीचे तसेच. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, दाराला चादर, खाली शेक. थंडीच्या दिवसांतली ही पद्धत मे महिन्यात टिनाखाली चालवली तर आई आणि बाळ दोघेही धोक्यात येतात.

२०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात उष्णतेमुळे प्रशासनाला कलम १४४ लावावे लागले होते. कामाच्या आणि शिकवणीच्या वेळांवर बंधने आली. ते योग्यच होते. पण दरवर्षी सूचना एकच असते, दुपारी घरात थांबा. ज्याचे घरच थांबण्यासारखे नाही, त्याने कुठे थांबायचे?

विजेचे बिल कोण भरते

यावर घरोघरी एकच उपाय झाला आहे, कूलर. हिशेब करून पाहू. जुना छताचा पंखा ७५ वॅटचा. रोज २० तास चालला तर महिन्याला ४५ युनिट. साधा कूलर २०० वॅटचा धरा. रोज १६ तास चालला तर महिन्याला ९६ युनिट. मातीच्या खोलीत फक्त पंख्यावर भागते. स्लॅबच्या खोलीत पंखा आणि कूलर मिळून १४१ युनिट होतात, त्यात फ्रिज आणि दिवे वेगळेच. घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढचे युनिट महाग दराने लागतात. म्हणजे तापणारे छप्पर आपल्याला थेट वरच्या दरात ढकलते. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट ओढतो. तो आठ तास सतत चालला तर एका रात्रीत १२ युनिट. ज्याची मजुरी उन्हाळ्यात अर्धी होते, त्याने हे कुठून आणायचे?

कोळशावरच्या एका युनिटसाठी साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका कूलरच्या महिन्यामागे साठ किलोच्या आसपास कोळसा. तो कोळसा लांब कुठे जळत नाही. अकोला जिल्ह्यात पारसला जळतो, अमरावतीजवळ नांदगावपेठला जळतो. नांदगावपेठच्या प्रकल्पाला पाणी लागते तेही अप्पर वर्धा धरणाचे. आपण छप्पर तापू देतो, मग ते थंड करायला आपल्याच उशाशी कोळसा जाळतो आणि आपल्याच धरणाचे पाणी खर्च करतो. संध्याकाळी साऱ्या वस्तीचे कूलर एकदम सुरू झाले की डीपी जळते आणि रात्री दहाला अंधार होतो. आजींच्या घरी त्या रात्री हेच झाले होते. वीज गेली, कूलर बंद, चोरांच्या भीतीने दार बंद. विजेवर टेकलेला गारवा विजेबरोबरच गेला.

कूलरचा आणखी एक धोका सांगितल्याशिवाय राहवत नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे मरतात, त्यात लेकरे आणि बाया जास्त. टाकीत पाणी भरताना प्लग काढायचाच, नुसते बटण बंद करून भागत नाही. अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून कूलरला हात लावू नका.

मातीचे गोडवे आम्ही गात नाही

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सिस्टरना आपण पुन्हा मातीच्या घरात जावे असे वाटते की काय? नाही. हे स्पष्ट सांगतो. मातीच्या घराचे गोडवे ज्यांनी ते सारवले नाही तेच गातात. शेण-माती डोक्यावर वाहणे, दरवर्षी पोतेरा करणे, पावसाआधी कवेलू चाळणे, हे सारे बाईच्या अंगावर असते. झडीच्या पावसात भिंत खचते, झोपलेली माणसे दबतात. भिंतीत विंचू, आढ्याला साप, उधई वेगळी. आणि आपल्या लोकांसाठी मातीच्या घराचा अर्थ आणखी एक होता. गावाबाहेरची जागा, सखल जमीन, पहिला पूर आपल्या दारात. त्या घरातून बाहेर पडून स्लॅबखाली येणे ही आपल्या माणसाची प्रतिष्ठा आहे. दारावर बाबासाहेबांचे चित्र लावलेले पक्के घर पाहून आमचेही डोळे भरून येतात.

म्हणूनच आमचा प्रश्न आहे की पक्क्या घराची व्याख्या कोणी केली? सिमेंट आणि लोखंड लागले की घर पक्के झाले, हे अर्धेच खरे. पावसात गळत नाही हे एक. वीज गेली तरी मे महिन्याच्या रात्री म्हातारे माणूस त्यात झोपू शकते, हे दुसरे. दुसरी अट पूर्ण होत नसेल तर घर अजून पक्के झालेले नाही. भिक्खूंना निवारा कशासाठी, तर थंडी आणि ऊन टाळण्यासाठी, असे विनयात सांगितले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही अट आजच्या घरकुलालाही लावून पाहावी.

नियम आहे, पण आपल्यासाठी नाही

आपल्या देशात घरांच्या ऊर्जेचा नियम आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात आहे. आत-बाहेर एक अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. वर काहीही न घातलेला उघडा स्लॅब याच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो. म्हणजे आपले घरकुल या परीक्षेत सरळ नापास.

पण त्याची परीक्षाच होत नाही. ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या बांधकामांसाठी आहे. आपले घर २५ चौरस मीटरचे. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांच्या छताला नियम, ज्यांच्याकडे पंखाच आहे त्यांच्या छताला नियम नाही. दुकानात पंखा घ्यायला गेलो तर त्यावर तारे असतात, किती वीज वाचते ते कळते. सरकार ज्या घराला पैसे देते त्या घराच्या छपरावर मात्र एकही तारा नाही. ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्याला आहे, तो वापरावा.

रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे, म्हणजे ती आपली योजना आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये हे अनुदान ठरले. एवढ्यात स्लॅब पडणेच कठीण, म्हणून छपराच्या वर काही करायला पैसा उरत नाही. लाभार्थ्याला दोष देऊन उपयोग नाही. दोष अंदाजपत्रकाचा आहे. सिमेंट किती, सळई किती, हे त्यात असते. उष्णता किती, हा रकानाच नसतो.

दुसरीकडे हे झाले आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत मृत्यू फार वाढले. त्यानंतर तिथल्या महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम त्यात घेतले. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. आपल्या शेजारी वर्ध्यात सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने मातीच्या निमुळत्या नळ्या एकात एक घालून कमानीचे पक्के छप्पर करून दाखवले. लॉरी बेकर यांनी विटा उभ्या रचून मध्ये पोकळी सोडणारी भिंत लोकप्रिय केली, तिला विटा सुमारे पावपट कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन अडते. म्हणजे स्लॅबची भट्टी किंवा गळकी माती, असे दोनच रस्ते नाहीत.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. वीज आणि पाणी ही खातीही त्यांच्याकडे होती. वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, कारण तिच्याशिवाय गरिबी हटवणारे उद्योग उभे राहणार नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी वीज मागितली ती माणसाला वर आणण्यासाठी. आज आपल्या घरातली वीज तापलेले छप्पर निवविण्यात जाते आणि लेकराच्या अभ्यासाच्या दिव्याला हात आखडतो. हा हिशेब उलटा झाला आहे.

जयंतीआधी करायची कामे

सरकारकडून मागायचे ते मागूच. पण पुढचा मे महिना थांबणार नाही. १४ एप्रिलसाठी आपण घरे झाडतो, रंग देतो, निळ्या पताका लावतो. त्याच रंगकामात छपराचे काम धरावे. मार्चमध्येच धरले तर आणखी चांगले.

स्लॅब असेल तर तो झाडून, धुऊन, वाळवून त्यावर विरवलेल्या चुन्याचे दोन-तीन हात द्यावेत. चुन्यात थोडे पांढरे सिमेंट आणि चिकटपणासाठी रंगाच्या दुकानात मिळणारा गोंद घालावा. पांढरा रंग ऊन परत फेकतो. पांढऱ्या छपराने खोलीचे तापमान २ ते ५ अंश उतरू शकते. पावसाने चुना धुतला जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. पण एका महिन्याच्या वाढीव बिलात बरेचदा हे काम निघते.

चुना विरवताना उकळतो. लेकरांना दूर ठेवा. डोळ्यांवर चष्मा, हाताला रबरी मोजे. चुना डोळ्यात गेला तर चोळू नका, तूप-तेल घालू नका. वाहत्या साध्या पाण्याने किमान वीस मिनिटे डोळा धुवा आणि तसेच दवाखान्यात न्या. उशीर झाला तर नजर जाते, आम्ही अशी नजर गेलेली पाहिली आहे.

टिन असेल तर वरून पांढरा रंग आणि आतून खाली हातभर जागा सोडून ताट्या, बांबूची चटई किंवा थर्माकोल न वापरता जाड कापडाचे छत बांधावे. मधली हवा उष्णता अडवते, पण ती दोन्ही टोकांनी खेळती हवी. तुराट्या, पराट्या थेट टिनावर टाकायच्या असतील तर चूल आणि विजेच्या तारा यांपासून लांब, कारण आगीला एक ठिणगी पुरते. टिनावर उभे राहू नका, शिडीवरून काम करा. सिमेंटचे पत्रे असतील तर ते कोरडे घासू नका, त्यांतले तंतू फुफ्फुसात जातात. पाण्याने भिजवून हलक्या हाताने धुवा.

पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडू देऊ नका. मांडव, दुधीचा वेल, जुनी साडी, काहीही चालेल. पुढच्या दहा वर्षांसाठी एक कडुनिंब लावा. दिवसा खिडक्या बंद, रात्री उघड्या, आणि एकासमोर एक दोन वाटा. चोरांची भीती असेल तर जाळीचे दार लावा, बंद दाराआड म्हाताऱ्यांना कोंडू नका. स्वयंपाक सकाळी लवकर आटपा. जुना पंखा बदलायची वेळ आली तर ३० वॅटच्या आसपास चालणारा नवा पंखा घ्या, महिन्याला ४५ ऐवजी १८ युनिट लागतील. मात्र खोली ४० अंशांच्या पुढे गेली की नुसता पंखा गरम हवाच फेकतो. तेव्हा अंगावर ओले कापड हवेच.

सौर पॅनेलसाठी केंद्राच्या योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. ज्यांच्या नावावर घर आणि पक्के छप्पर आहे त्यांनी जरूर विचार करावा, पॅनेलची सावलीही छपराला मिळते. पण आधी उष्णता अडवा, मग वीज तयार करा. फुटक्या माठात पाणी भरत राहण्यात अर्थ नाही.

आणि एक काम विहारात करावे. भिंतीवर टांगायचा साधा तापमापक घ्या. रोज दुपारी दोनला आणि रात्री दहाला वस्तीतल्या एका टिनाच्या, एका स्लॅबच्या आणि एका मातीच्या घरात पारा किती, ते वहीत लिहा. दहावी-बारावीची मुले हे सहज करतील. दोन महिन्यांची ती वही घेऊन नगरसेवकाकडे, समाजकल्याण कार्यालयात, ग्रामसभेत जा. मागणी एकच ठेवा. घरकुलाच्या अंदाजपत्रकात छप्पर थंड करण्याचा वेगळा रकाना आणि त्याचे वेगळे पैसे. ज्यांची घरकुले आधी झाली आहेत त्यांनाही ते मिळावेत. भावनेने मांडलेली तक्रार साहेब ऐकून सोडून देतात. तारीख, वेळ आणि अंश लिहिलेली वही सोडून देणे कठीण जाते.

आजी अजूनही मागच्या मातीच्या खोलीत झोपतात. नातवाने सरपण बाहेर काढले, सुनेने भिंती सारवून दिल्या. मुलाला मात्र ते लागते. परवा तो आम्हाला म्हणाला, "बाई, माह्या मायले मी पक्कं घर बांधून देलं, अन् ते मातीतच झोपते. लोक काय म्हणतीन?" त्याला आम्ही सांगितले, लोकांचे सोड, आधी स्लॅबवर चुना मार. यंदा १४ एप्रिलच्या आधी आम्ही चौघी त्याच्या स्लॅबवर चुना द्यायला जाणार आहोत. आजींना त्यांच्या स्वतःच्या पक्क्या घरात, लेकराजवळ, उघड्या खिडकीखाली झोप लागली पाहिजे.

जय भीम. नमो बुद्धाय.